बाजेवरून एडिनबरा

१९९८ च्या दिवाळीत ‘कुछ कुछ होता है’ आला. त्याच्या शीर्षकगीतात पाण्याच्या काठचा एक दगडी किल्ला दिसतो, त्याकडे जाणारा कमानींचा पूल दिसतो आणि मागे ढग उतरलेले डोंगर. केजसारख्या गावांतल्या एका सबंध पिढीने तो आधी टॉकीजच्या पडद्यावर, मग केबलवर आणि आता मोबाइलवर इतक्यांदा पाहिला आहे, की शेजारच्या धारूरच्या किल्ल्यापेक्षा तो जास्त ओळखीचा झाला असेल. नाव मात्र कुणी विचारलं नाही. ‘फॉरेनचा किल्ला’ एवढ्यावर भागलं.

त्याचं नाव आयलन डोनन. स्कॉटलंडच्या पश्चिमेला तीन खाड्या जिथे एकत्र येतात, तिथल्या छोट्या बेटावर तो आहे. मूळ बांधणी तेराव्या शतकातली. १७१९ मध्ये स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने बंड झालं, स्पेनचे काही सैनिक या किल्ल्यात येऊन बसले, तेव्हा ब्रिटिश आरमाराने तोफा डागून तो घेतला आणि आतल्याच दारूने उडवून दिला. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं तिथे दगडांचा ढीग होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅक्रे-गिलस्ट्रॅप नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ते बेट विकत घेऊन किल्ला पुन्हा उभा करायला घेतला आणि १९३२ मध्ये काम संपलं. म्हणजे मुंबईत रेडिओ सुरू झाला, त्यानंतर पाच वर्षांनी. गाण्यात दिसतो तो पूलही याच बांधकामातला.

हे वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया फसवणूक झाल्याची होती. दुसरी मात्र हेव्याची. ढिगाऱ्याचा पुन्हा किल्ला करायला वीस वर्षं खपणारा माणूस आपल्याकडच्या किती गढ्यांना मिळाला?

केजला स्वतःचा डोंगरी किल्ला नाही. गाव बीड–अंबाजोगाई रस्त्यावरचं. तालुक्यात धनेगावला मांजरा धरण. त्याचं पाणी लातूर पितं. उत्तरेला बालाघाटचे डोंगर आणि त्यांत धारूर. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध सुरू होते, उचल घेतलेली असते, मुकादमाचे फोन येऊ लागतात. अशा गावात पर्यटनाला म्हणून युरोपात जाऊन आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पण रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बाज टाकून मोबाइलवर जग पाहणारे घरोघरी आहेत. मीही त्यांतलाच. त्या बाजेवरून मी स्कॉटलंडचे किल्ले पाहत आलो आहे, आणि प्रवास म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, असं माझं मत झालं आहे.

एडिनबराचा किल्ला घ्या. गूगलच्या नकाशावरचा, रस्त्याची चित्रं दाखवणारा तो पिवळा माणूस उचलून किल्ल्यासमोरच्या मैदानात सोडायचा. खडक थेट अंगावर येतो. हा ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे हिमनद्यांनी आजूबाजूचा मऊ दगड खरवडून नेला आणि हा तेवढा उरला. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण वयाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. बाण दाबत पुढे जायचं. एका चित्रात ऊन असतं, पुढच्याच पावलाला दगड ओले आणि लोकांच्या डोक्यावर छत्र्या. कारण दोन फोटो वेगवेगळ्या दिवसांचे. माणसांचे चेहरे पुसलेले. एक बाई कायमची आइस्क्रीम खाता खाता थांबलेली. दाराच्या दोन बाजूंना इंग्रजांशी लढलेल्या वॉलेस आणि ब्रूस यांचे पुतळे आहेत, ते १९२९ मध्ये बसवले. दारही १८८८ चं, शोभेसाठी बांधलेलं. खरं जुनं पाहायचं तर माथ्यावर जावं लागतं. तिथे सेंट मार्गारेटचं प्रार्थनाघर आहे, बाराव्या शतकातलं, आपल्या खेड्यातल्या देवळाच्या गाभाऱ्याएवढं. सगळ्या एडिनबऱ्यात याहून जुनी इमारत नाही.

त्याच्या शेजारी मॉन्स मेग ही तोफ. इथे मी दर वेळी रेंगाळतो. आत्ताच्या बेल्जियममध्ये १४४९ साली घडवलेली, वजन साधारण ६ टन, दीडशे किलोचा दगडी गोळा फेकणारी. स्कॉटिश लोक तिच्याबद्दल बोलतात ते घरातल्या आजीबद्दल बोलावं तसं. १७५४ मध्ये इंग्रजांनी ती लंडनला नेली, तेव्हा लोकांनी मनाला लावून घेतलं, आणि १८२९ मध्ये ती परत आली तेव्हा मिरवणूक निघाली. आता आमच्या बाजूची तोफ सांगतो. मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, मुहम्मद बिन हुसेन रूमी याच्या देखरेखीखाली. वजन सुमारे ५५ टन. म्हणजे मेगसारख्या नऊ तोफा एका पारड्यात घातल्या तर ही दुसऱ्यात. ती परंड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाहीच्या मुरारपंताने ती तिथून विजापूरला नेली. परंडा आज धाराशिव जिल्ह्यात. पुढे १८५४ मध्ये या तोफेचा लिलाव झाला आणि बोली लागली दीडशे रुपयांची! एका अधिकाऱ्याला ती किंमत लाजिरवाणी वाटली, म्हणून व्यवहार रद्द झाला आणि तोफ वाचली. तिला परंड्याला परत आणा, अशी चळवळ कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मेगला परत आणण्यासाठी झटलेल्यांत कादंबरीकार वॉल्टर स्कॉट होता. त्याच्याच नावावर दुसरी एक गोष्ट आहे, आणि तिचा धागा थेट आपल्याकडे येतो. १७०७ मध्ये, म्हणजे औरंगजेब मेला त्याच वर्षी, स्कॉटलंड आणि इंग्लंड एक राज्य झाले. स्कॉटिश राजांचा मुकुट, तलवार आणि राजदंड एडिनबरा किल्ल्यातल्या एका पेटीत घालून खोली बंद केली गेली. शंभर वर्षांत लोक इतके विसरले, की ती रत्नं लंडनला चोरून नेली अशी बोलवा उठली. शेवटी स्कॉटने परवानगी काढली आणि ४ फेब्रुवारी १८१८ रोजी ती पेटी फोडली. आत सगळं जसंच्या तसं होतं.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १० फेब्रुवारी १८१८ ला, साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. दुसऱ्या दिवशी तिथून पेशवाई संपल्याचा जाहीरनामा निघाला. काढणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हा माणूस स्कॉटिश. त्याचे वडील एडिनबरा किल्ल्याचे किल्लेदार होते आणि त्याच्या पोरवयातला काही काळ त्याच किल्ल्यात गेला. म्हणजे किल्ला काय असतो, तो लोकांच्या मनात काय काम करतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते पुरतं जाणूनच कंपनी सरकारने पुढचं पाऊल उचललं असावं. मे महिन्यात रायगडावर तोफगोळ्यांचा मारा होऊन राजवाडे जळाले. नाशिक-खानदेशाकडे कॅप्टन ब्रिग्जने गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, वाटा बंद केल्या, तट पाडले. आज अलंग-मदनला दोर लावून चढावं लागतं, त्याचं एक कारण हे.

एडिनबऱ्यात स्वतःचा मुकुट सापडल्याचा जल्लोष आणि सह्याद्रीत पायऱ्या उडवण्याचे बार, दोन्ही एकाच वर्षीचे.

मराठवाडा मात्र त्यातून सुटला, कारण तो एल्फिन्स्टनच्या हद्दीत नव्हताच, तो हैदराबादच्या निजामाचा. धारूर, औसा, उदगीर, परंडा, नळदुर्ग, कंधार या किल्ल्यांवर १८१८ चा सुरुंग चालला नाही. नळदुर्गचे शंभरावर बुरूज आणि बोरी नदीचं पाणी अडवून त्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आजही उभा दिसतो, त्यामागे बांधणाऱ्याचं कसब आहे तसा हा सरहद्दीचा योगायोगही. एरवी मराठवाड्याला निजामी राजवटीने मागे ठेवलं हे रडगाणं आपण गातो, आणि ते खोटं नाही. पण किल्ल्यांच्या बाबतीत पारडं थोडं उलटं पडलं.

आता स्कॉटची गंमत पाहा. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आला नाही. तरी १८२७ मध्ये त्याने हैदर अलीच्या म्हैसुरातली एक कथा लिहिली. माहिती कुठून? शेजारी राहणारे कर्नल फर्ग्युसन हिंदुस्थानात नोकरी करून आले होते, त्यांना विचारून. म्हणजे आरामखुर्चीत बसून परमुलूख पाहण्याची आमची खोड त्यालाही होती; फक्त आमच्याकडे फर्ग्युसनच्या जागी मोबाइल आहे. उलट बाजूने फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज खरोखरच आमच्या भागात राहिला. १८५३ मध्ये निजामाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा तिथला कारभार टेलरकडे आला. नळदुर्गच्या किल्ल्यात त्याचं बिऱ्हाड होतं आणि आत्मचरित्रात त्याने त्या दिवसांबद्दल मनापासून लिहिलं आहे. त्याची १८६३ ची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापूर आणि अफजलखानाभोवती फिरते. लंडनच्या धुक्यात बसलेल्या वाचकाने तुळजापूर पाहिलं ते त्या पुस्तकातून.

आणि त्याच टेलरच्या टिपू सुलतानावरच्या कादंबरीचा आधार घेऊन १८९० मध्ये हरी नारायण आपट्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. आपट्यांना मराठीचे वॉल्टर स्कॉट म्हणायची पद्धत पडली, ती उगीच नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ वाचून ज्यांच्या डोळ्यांसमोर सिंहगड उभा राहिला, त्यांतले किती जण प्रत्यक्ष गडावर गेले असतील? आपल्या मनातल्या किल्ल्याचा साचा स्कॉटकडून आपट्यांकडे, आपट्यांकडून बाबुराव पेंटर-भालजी पेंढारकरांच्या पडद्यावर आणि तिथून दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यांत उतरला. पुण्या-साताऱ्याकडे पोरं ते किल्ले हौसेने करतात; आमच्याकडे ही चाल मुळात कमी, अलीकडे मोबाइलवर बघून वाढली आहे. तात्पर्य, घरबसल्या किल्ला पाहणं ही इंटरनेटची देणगी नव्हे. इंटरनेटने फरक केला तो दुसराच.

पूर्वी लेखक सांगेल तेवढाच किल्ला दिसायचा. आता मोजमाप मिळतं. स्कॉटलंडने इथे जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे. लेझर स्कॅनर नावाचं यंत्र तिपाईवर ठेवतात. ते गरगर फिरत प्रकाशाचे किरण सोडतं, किरण भिंतीवर आपटून परत येतो, त्यावरून अंतर निघतं. सेकंदाला लाखो बिंदू. यंत्र जागा बदलून पुन्हा लावायचं, असं करत सबंध वास्तू बिंदूंच्या ढगात पकडायची. मग त्या ढगातून भिंत कुठे किती झुकली, कोणता दगड किती झिजला, हे मिलिमीटरच्या हिशेबात सांगता येतं. दहा वर्षांनी पुन्हा मोजलं की बिघाड कळतो. २००९ मध्ये स्कॉटलंडच्या पुरातत्त्व खात्याने, ग्लासगोच्या कलाशाळेने आणि अमेरिकेतल्या सायआर्क या संस्थेने मिळून दहा वारसास्थळं अशी मोजायला घेतली. पाच स्कॉटलंडमधली, पाच जगातली. त्या बाहेरच्या पाचांत एक भारतातलं होतं: गुजरातेतल्या पाटणची राणी की वाव. २०११ मध्ये स्कॉटिश पथकाने ती पायऱ्यांची विहीर मोजली आणि २०१४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. पुढे आपल्या ताब्यातल्या तीनशेवर वास्तू त्याच पद्धतीने मोजायचं काम स्कॉटिश खात्याने हाती घेतलं, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रतिकृती कुणालाही फिरवून पाहता येतील अशा खुल्या ठेवल्या. बाजेवर आडवा पडून बोटाने मी एखादा बुरूज उलटा करून त्याचा तळ पाहतो, तो या उपद्व्यापामुळे.

आपल्याकडची कथा अडखळत गेली. नकाशासाठी रस्त्यावरून फिरत चित्रं टिपणाऱ्या गूगलच्या कॅमेऱ्याला २०११ मध्ये बंगळुरूत पोलिसांनी थांबवलं. सुरक्षेचा प्रश्न पुढे आला, २०१६ मध्ये नकार गेला. मधल्या काळात केंद्राच्या पुरातत्त्व खात्याशी करार होऊन शंभर स्मारकांची ३६० अंशांतली चित्रं घ्यायचं ठरलं, ते काम तेवढं झालं. अखेर जुलै २०२२ मध्ये दहा शहरांत ही रस्त्यांच्या चित्रांची सेवा सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि चक्क अहमदनगर होतं. आमचा नंबर अर्थातच नंतरचा.

मग मोबाइलवर धारूर शोधलं की काय मिळतं? ड्रोनचे व्हिडिओ. खाली तट, वर ढोल-ताशे, आवाज चढवलेलं निवेदन. कॅमेरा एका जागी तीन सेकंदांवर टिकत नाही. कोणता दरवाजा, कुठलं टाकं, कशाचा शिलालेख, याचा पत्ता नाही. करणाऱ्या पोरांची तळमळ खरी आहे, पैसेही पदरचे जातात, हे मान्य. पण असे दहा व्हिडिओ पाहूनही किल्ल्याचा आराखडा मनात बसत नाही. एडिनबऱ्यात मी न चुकता प्रार्थनाघरापर्यंत जाऊ शकतो. धारूरमध्ये पडद्यावरून मला साधी पाण्याची जागा सापडत नाही.

एक गोष्ट मात्र वरून चांगली दिसते. उपग्रहाच्या चित्रात धारूरचा किल्ला डोंगराच्या सोंडेवर बसलेला दिसतो, कडेला ओढ्यांनी कोरलेल्या घळी, आणि गावाच्या अंगाला जमीन सपाट. शहाजहानच्या दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीने नेमकं हेच लिहून ठेवलं आहे, की हा किल्ला मजबुतीसाठी आणि आतल्या साठ्यासाठी दख्खनभर नावाजलेला होता, आणि खोल ओबडधोबड ओढ्यांमुळे तो जिंकणं अवघड. तरी जानेवारी १६३१ मध्ये मुघल सरदार आझमखानाने तो घेतला, आणि नाव ठेवलं फतेहाबाद. औरंगजेबाच्या काळात इथे टांकसाळ होती. ‘फतेहाबाद धारूर’ असा छाप असलेली नाणी आजही संग्रहांत आहेत.

किल्ला बांधला किश्वरखान लारीने, १५६७ मध्ये, विजापूरच्या अली आदिलशहासाठी. निजामशाहीच्या नाकावर टिच्चून. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की मुर्तझा निजामशहा चवताळून आला आणि किल्ला घेतल्याशिवाय रिकिबीतून पाय काढणार नाही म्हणाला. वरून मारा चालू होता तो एकाएकी थांबला. किश्वरखान बाणाने पडला होता. बांधून फार काळ झाला नव्हता. स्कॉटिश किल्ल्याच्या वाट्याला अशी गोष्ट असती, तर तो बाण जिथे लागला तिथे पाटी असती, शेजारी दुकान असतं आणि दुकानात प्लास्टिकचे बाण. हे टोमण्याने म्हणत नाही. करोनाच्या आधी एडिनबरा किल्ल्यावर वर्षाला २० लाखांवर माणसं तिकीट काढून जात होती, ती अशाच गोष्टींच्या ओढीने.

प्रत्यक्ष धारूरला केजहून गाडीवर तासाभरात जाता येतं. दिवाळीच्या आगेमागे जावं तर किल्ला आणि सीताफळं एकमेकांत गुंतलेली. तटाच्या सांध्यांतून, बुरुजाच्या डोक्यावर, पडक्या खोल्यांच्या आत झुडपंच झुडपं. बालाघाटचं हे फळ, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पायवाटेवर डोळे पडलेली फळं फुटून पडलेली असतात, त्यावर मुंग्यांची रांग. आत पाण्याच्या दोन जागा गावकरी आवर्जून दाखवतात, गोडी दिंडी आणि खारी दिंडी. एकीचं पाणी पिण्याचं, दुसरीचं मचूळ, आणि अंतर हाकेचं. चव पडद्यावर कळायचा प्रश्नच नाही. तटावर वारा इतका, की बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही. आणि उतरणीला पाय घसरला की किश्वरखानाने हीच जागा का निवडली, हे गुडघ्याला समजतं.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी. गावात फटाके वाजले, ते योग्यच. मराठवाड्यातला एकही त्यात नाही, आणि त्यावर रुसण्यात अर्थ नाही. तो प्रस्ताव मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेचा होता, आमचे बहुतेक किल्ले बहमनी, आदिलशाही, निजामशाही हातचे. पण त्या यादीबरोबर त्या किल्ल्यांचे नकाशे, मोजमापं, फोटो जमा झाले. यादीबाहेरच्यांचं हे काम करायला युनेस्को येणार नाही.

ते काम वाटतं तेवढं अवघड राहिलेलं नाही, हे सांगायला हवं. लाखोंचा स्कॅनर नको. एकाच भिंतीचे थोड्या थोड्या अंतराने फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा यावा. संगणक ते ताडून बघतो आणि त्यांतून भिंतीची घनाकृती उभी करतो. शेजारी एक मोजपट्टी धरली की मापही बसतं. साध्या मोबाइलवर होतं. एका दरवाजाला दोनेकशे फोटो पुरतात. शाळेच्या सहलीत नववीच्या पोरांना एकेक बुरूज वाटून दिला तर एका हंगामात धारूरचा तट निघेल.

हंगाम मात्र नीट धरावा लागतो. पावसाळ्यात गवत कमरेएवढं, दिवाळीपर्यंत सीताफळाची पानं तट झाकून ठेवतात. पानं गळून दगड उघडा पडतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. नेमकं तेव्हा केज-धारूर तालुक्यांतली निम्मी मोबाइलवाली पोरं आई-बापाबरोबर कोल्हापूर-सांगलीच्या उसात असतात, कुणी पन्हाळ्याच्या पायथ्याला कोपी टाकलेली. परत येतात ती पाडव्याच्या सुमारास, तोवर तटावरचा दगड हात लावू देत नाही इतका तापलेला.